अपूर्वाची साक्ष

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पोचले एकदाची! श्रीरामपूरची सलोनी रणपिसे आता कॅनडातल्या हॅमिल्टनची 'सिस्टर रणपिसे' झाली आहे. कोटावर काळी नावपट्टी आहे. इथले लोक ती वाचून 'रॅनपाइस' म्हणतात, मग मी तीनदा बरोबर उच्चार करून दाखवते आणि ते चौथ्यांदाही रॅनपाइसच म्हणतात.

दीड वर्ष इथे काढायचं. दर सोमवारी आम्हा मिशनरींना मोकळीक असते, म्हणजे कपडे धुणं, ग्रोसरी, घरी ईमेल आणि व्हिडिओ कॉल. पण माझी ईमेल आई रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवते. त्यामुळे पायाची बोटं थंडीने रडतात आणि परवा मी बर्फावर आपटून एका पोस्टमनच्या अंगावर गेले, असलं सगळं या वहीत.

माझी जोडीदार सिस्टर हॅन्सन. आल्बर्टातल्या शेतकऱ्याची मुलगी, ताडमाड, गाल कायम लाल. आमच्यात दोघींनी सतत एकमेकींच्या नजरेच्या, नाहीतर हाकेच्या टप्प्यात राहायचं असतं. वॉशरूम सोडून. ती झोपेत गाते. साडेसहाला उठायचं, प्रार्थना, अभ्यास, मग दिवसभर दारं वाजवायची. आमच्या ख्रिस्ती पंथाचं नाव, 'मॉर्मन', घेतलं की काही जण दार लावतात, काही जण कॉफी विचारतात, जी आम्ही पीत नाही.

इथे एक टेकडी आहे, तिला सगळे 'माउंटन' म्हणतात. आमच्याकडे तिला कुणी नावसुद्धा दिलं नसतं. मी खूप खूश आहे.


सोमवार, १३ जानेवारी

आठवड्यात एक्क्याण्णव दारं वाजवली. सहा उघडली. आणि त्यातलं एक मराठी निघालं!

शुक्रवारी माउंटनवरच्या एका गल्लीत एक आजोबा फावडं घेऊन ड्राइव्ह-वेवर धापा टाकत उभे होते. हॅन्सनने काही न विचारता त्यांच्या हातातलं फावडं घेतलं. मी दुसरं घेतलं. वीस मिनिटांत सगळं शोव्हल करून टाकलं. तेवढ्यात दारातून एक बाई माझी नावपट्टी वाचत म्हणाल्या, "रणपिसे? अगं, म्हणजे तू आपली! बूट काढ आणि आधी आत ये."

घर सोडल्यापासून समोरासमोर कुणी मला 'अगं' म्हटलं नव्हतं. मला रडूच आलं.

दिलीपकाका आणि जयंतीकाकू. १९७३ साली पुण्याहून आले. काका पोलादाच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते, आता गुडघे गेलेत. काकूंनी बसता बसता स्पष्ट सांगितलं, की आम्ही गणपतीवाले, बाटणार वगैरे नाही हं, पण तुम्ही या. रणपिसे म्हणजे नक्की कुठले, हेही विचारलं. मी सांगितलं. क्षणभर थांबल्या आणि मग थालीपीठ वाढलं. लोण्यासकट.

खिडकीपाशी त्यांची मुलगी बसली होती, अपूर्वा. सत्तेचाळीस वर्षांची. विसाव्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर हार्बरच्या गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करत होती आणि बर्फ फुटला. सतरा मिनिटं पाण्याखाली. जीव वाचला, बाकी काही नाही. चालते, जेवते, पण कुणाला ओळखत नाही, बोलत नाही. मी 'नमस्कार ताई' म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या रिकाम्या घराच्या खिडकीने पाहावं तसं.


सोमवार, २० जानेवारी

आता गुरुवारी आणि शनिवारी दुपारी आम्ही काकूंकडे जातो. मिशनच्या अध्यक्षांनी सेवाकार्य म्हणून परवानगी दिली. हॅन्सन काकांना मदत करते, मी अपूर्वाताईजवळ बसते, तेवढाच काकूंना विसावा.

पहिल्या दिवशी मी तिला शास्त्रवचनं वाचून दाखवत होते. काकू म्हणाल्या की ते राहू दे, तिला तुझं काहीतरी सांग, लहानपणचं, माणसाला माणसाच्या गोष्टी आवडतात. मग मी आमच्या शेळीची गोष्ट सांगितली. गुलछडी नावाची शेळी. नाताळच्या आदल्या दिवशी ती प्रार्थनेच्या खोलीत शिरली आणि भजनांच्या वहीची अकरा पानं खाऊन बसली. मग बाबांनी उरलेल्या पानांवरची तीनच गाणी सगळ्यांकडून चार-चारदा म्हणवून घेतली.

सांगताना मीच हसून लोळत होते. अपूर्वाताईने मान वळवली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला. सत्तावीस वर्षांत तिने आवाजाकडे मान वळवली नव्हती म्हणे.

घरी ईमेलमध्ये हे सगळं लिहिलं.


सोमवार, २७ जानेवारी

चमत्कार! दुसरा शब्दच नाही.

शनिवारी मी आत गेले आणि अपूर्वाताई म्हणाली, "गुलछडी." स्पष्ट. हॅन्सन गुडघ्यांवर बसली आणि प्रार्थना करायला लागली. काकूंनी मला पोटाशी धरलं, माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आईसारखा वास येतो त्यांना, फोडणीचा आणि खोबरेल तेलाचा. म्हणाल्या, "देवाने पाठवलं गं तुला. तुझ्या असो की माझ्या."

काकांना आनंद झालेला दिसला नाही. ते बेसमेंटमध्ये निघून गेले.

काकूंनी आईचा नंबर मागितला. आता दोघी रोज बोलतात. काकूंमुळे आईचा जीव भांड्यात पडलाय. इतक्या लांब आपल्या लेकीला कुणी माऊली भेटली, म्हणाली.


सोमवार, ३ फेब्रुवारी

अपूर्वाताई आता वाक्यं बोलते. गुरुवारी काकू मला म्हणाल्या की तुझ्या गुडघ्यावरच्या खुणेची गोष्ट सांग ना. त्यांना कसं माहीत? आईने सांगितलं असणार. मी सांगितली.

आज व्हिडिओ कॉलवर एक गंमत झाली. आई म्हणाली, शेजारच्यांनी शेळी घेतली, अगदी आपल्या गुलछडीसारखी. मी विचारलं, गुलछडी कोण? आईला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. आमच्याकडे शेळी होती हे मला आठवतच नाही.

मग ही वही उघडली. २० जानेवारीला माझ्याच अक्षरात सगळं लिहिलंय. वाचलं. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाचावी तशी वाचली. भजनांची वही, अकरा पानं. छान गोष्ट आहे. हसू आलं नाही.

थकवा असेल. हॅन्सन म्हणते, पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांचंच डोकं बधिर होतं.


सोमवार, १० फेब्रुवारी

गुडघ्यावर एक पांढरी खूण आहे. कशाची, ते माहीत नाही.

वहीत फक्त 'मी सांगितली' एवढंच लिहिलंय. मूर्खासारखी मी ती गोष्ट लिहून ठेवली नाही. शनिवारी अपूर्वाताई आपला गुडघा चोळत होती. तिच्या गुडघ्यावर काहीच नाही. ती म्हणाली, विहिरीच्या पायरीवरून पडले होते, निहारने चिंचेचा पाला चोळला होता.

निहार माझा भाऊ आहे.

काकूंनी शिरा आणला. बदाम घातलेला.

आणखी एक. ती मधूनच 'नानाय' म्हणते. पहिल्या आठवड्यापासून म्हणते, मला वाटायचं नुसता आवाज आहे. काल चर्चमध्ये एका फिलिपिनो बहिणीला विचारलं. त्यांच्या भाषेत आईला असं म्हणतात.

या घरात कोण कुणाला नानाय म्हणेल?


शनिवार, १५ फेब्रुवारी

आज काकांनी सांगितलं. काकू केमिस्टकडे गेल्या होत्या. हॅन्सन बाहेर बर्फ काढत होती, खिडकीतून मला दिसत होती. काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

तीन वर्षांपूर्वी अपूर्वासाठी एक फिलिपिनो नर्स ठेवली होती. रोझालिन. बडबडी, प्रेमळ. दिवसभर अपूर्वाला आपल्या गावाच्या गोष्टी सांगायची. अपूर्वा शब्द बोलायला लागली. काकू आनंदाने वेड्या झाल्या. इकडे रोझालिनला घरी जायचा रस्ता आठवेना. मग स्वतःच्या मुलाचं नाव. शेवटी तिचा भाऊ व्हँकूव्हरहून येऊन तिला घेऊन गेला, आणि तो कोण आहे हे तिला कळत नव्हतं.

मी विचारलं, काकूंना हे माहीत होतं?

काका म्हणाले, "कसं होतं ते मला विचारू नकोस. मी लोखंडातला माणूस. पण तिला माहीत होतं. रोझालिनची भाषा अपूर्वाला कळत नव्हती, म्हणून ते टिकलं नाही, असं तिचं म्हणणं. मराठी मुलगी हवी, म्हणत होती. दोन वर्षं."

मग म्हणाले, इथे येऊ नकोस, पोरी.

मी विचारलं, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?

ते गुडघे चोळत राहिले. म्हणाले की अपूर्वाने मला 'बाबा' म्हटलं. सत्तावीस वर्षांनी.


सोमवार, १७ फेब्रुवारी

काकूंना विचारलं. फोनवर नाही, समोर. हॅन्सनला इंग्रजीत आधी सगळं सांगितलं होतं. तिने माझा हात धरून प्रार्थना केली आणि घराची आठवण येत असेल म्हणाली. तिला मराठी कळत नाही. काकूंच्या घरी ती शेजारीच बसली होती, आम्ही काय बोलतोय हे न कळता हसतमुखाने.

काकू रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं नाकारतील. त्यांनी ओटा पुसला, फडकं पिळलं, वाळत घातलं.

"मी शहात्तर वर्षांची आहे," म्हणाल्या. "उद्या मी गेले की हिला एखाद्या होममध्ये टाकतील. भिंतीकडे तोंड करून बसेल. तिला आपलं म्हणावं असं काहीतरी नको का? तुझ्याकडे खूप आहे गं. आई, भाऊ, शेळ्या, विहिरी. माझ्या मुलीकडे काहीच नव्हतं."

मी म्हटलं, ते माझं आहे.

"तू वीस वर्षांची आहेस. पुन्हा जमवशील."

आणि माझ्या ताटात पुरी वाढली. मी ताट सरकवलं. हॅन्सनने मला डोळ्यांनी दटावलं. इतक्या चांगल्या बाईंशी असं वागतात का?

बाहेर आल्यावर आईला फोन लावला. आईला सगळं आधीच माहीत होतं, म्हणजे काकूंनी सांगितलेलं. तुमची सलोनी थकली आहे, भ्रमिष्टासारखं बोलते, माझ्यावर आळ घेते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आई म्हणाली की जयंतीताई रडत होत्या. म्हणाली, त्या तुझ्या लहानपणच्या गोष्टी विचारतात, मी सांगते, त्या गोष्टींची आठवण करून दिली की तुला बरं वाटेल असं त्या म्हणतात. कुठल्या-कुठल्या गोष्टी सांगितल्यास, विचारलं. आईने यादीच वाचली. बाप्तिस्म्याचा दिवस. मावशीचं लग्न. पावसात हरवले होते तो दिवस. तिने कागदावर लिहून ठेवली होती, एकही राहू नये म्हणून.

आई, तू. तू दिलंस उचलून.

आता तिथे जायचं नाही. काही झालं तरी नाही.


रविवार, २ मार्च

दोन आठवडे गेले नाही. बरं वाटत होतं. आहे ते तरी राहिलं होतं.

आज महिन्याचा पहिला रविवार. उपवास असतो आणि सभेत ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. आम्ही बसलो आणि काकू आत आल्या. निळी साडी, वर कोट. हाताला धरून अपूर्वा. हॅन्सनने धावत जाऊन त्यांना आमच्या पुढच्या बाकावर बसवलं. तिने बोलावलं होतं त्यांना. मला आनंद होईल म्हणून.

तिसरी साक्ष झाल्यावर अपूर्वा उठली. काकूंनी तिचा हात सोडला. ती एकटी चालत गेली, माइकपाशी उभी राहिली आणि इंग्रजीत बोलायला लागली. स्वच्छ. सांगितलं की मी बारा वर्षांची होते, पुण्याला आम्ही बसने गेलो होतो, पांढरा झगा मला मोठा होता, आईने तो पिनांनी आवळला होता. पाण्यात उतरायची मला भीती वाटत होती. बाबांनी कानात सांगितलं, मी धरलंय तुला. आणि पाण्यातून वर आले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की देव आहे.

सगळे रडत होते. हॅन्सन रडत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, पाहिलंस, तू काय केलंस ते?

मी माझ्या बाप्तिस्म्याचा दिवस शोधला. डोक्यात जिथे असायला हवा तिथे. मी तो कधी सांगितला? — फेब्रुवारीत, एका शनिवारी, शिरा खाताना, बहुतेक — तिथे काही नाही. देव आहे हे मला कसं माहीत होतं? —

मी इथे का आले आहे? लोकांना काय सांगायला?

परत जागेवर जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसली. खिडकीत आता कुणीतरी राहत होतं.


मंगळवार, ४ मार्च

मिशनचे अध्यक्ष येऊन गेले. दयाळू माणूस आहे. रविवारपासून माझं आणखी काय काय निसटतंय, म्हणून डॉक्टर आणला. मला घरी पाठवायचं ठरलं आहे. शुक्रवारचं विमान. टोरोंटोहून. बरं झालं.

फोनवर एक बाई होत्या. रडत होत्या. मी त्यांना धीर दिला. नमस्कार केला. हॅन्सनने फोन घेतला आणि तोंडावर हात ठेवला. नंतर वहीत पाहिलं. आई होत्या. आई होती.

त्या बाई अध्यक्षांना इंग्रजीतून विनवत होत्या — शुक्रवारपर्यंत तिला मराठी माणसांत ठेवा — जयंतीताईंकडे — आपली भाषा कानावर पडली की बरी होईल — डॉक्टरही हो म्हणाला —

मी नाही म्हटलं. नाही. सगळे माझ्याकडे प्रेमाने पाहत होते.

फक्त दिवसा, म्हणाले. हॅन्सन कायम बरोबर असेल, म्हणाले.


बुधवार, ५ मार्च

मी बोलले नाही. सकाळपासून दात आवळून बसले.

अपूर्वा समोर. ती विचारते, मग पुढे काय झालं. मग पुढे. मला झोपेची गुंगी — काकूंनी दुधात काही — की तिचा आवाज? माझाच आवाज आहे तो. माझी हेल काढायची पद्धत. श्रीरामपूरची. ती बोलली की मला वाटतं मीच बोलतेय, आणि मग खरंच —

किती सांगितलं, माहीत नाही.

काका जिन्यात उभे होते. मी त्यांना हाक मारली. नाव आठवेना, म्हणून नुसतंच अहो, अहो म्हटलं. ते खाली निघून गेले. बेसमेंटचं दार लागलं.


गुरुवार, ६ मार्च. दुपार

बाहेर बर्फ, ऊन. सगळं पांढरं.

ती उंच मुलगी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला शिकतेय. हसण्याचे आवाज येतात. मघाशी ती आली, माझ्या पायांवर शाल घातली आणि जाताना दार ओढून घेतलं. मला विश्रांती मिळावी म्हणून. मी म्हटलं लावू नकोस. मराठीत म्हटलं. दुसरी भाषा सापडेना.

आता खोलीत आम्ही दोघी.

तिच्या कोटावर काळी पट्टी आहे. माझी होती ती, वाटतं. रणपिसे. छान नाव आहे.

ती म्हणते आई फोनवर खूप वेळ बोलली तिच्याशी. सकाळी. आई हसलीसुद्धा. आता बरी झालीस गं माझी बाई, म्हणाली. उद्याच्या विमानाचं — कोण जाणार —

ती विचारते, अजून काय आहे?

काही नाही. मी तोंड उघडणार नाही. फक्त लिहीन. लिहिलेलं तिला —

ती विचारते, लिहायला कुणी शिकवलं?

नाही सांगणार. बाबांनी. संध्याकाळी दारात पाटी घेऊन. माझी मूठ त्यांच्या मुठीत. पेन्सिलचा चर्र आवाज. हे एवढं माझं. हे देणार नाही —

ती माझ्या तोंडाकडे बघतेय. टक लावून.

माझे ओठ हलतायत. मी लिहिताना पुटपुटते — किती वेळ — सगळं मोठ्याने —

तिने बोट टेबलावर टेकवलं. फिरवतेय. हळू. ग काढला. म काढला. आता भ